मनू, ते शेवटचं वाक्य खोड

डार्मश्टाट, जर्मनी
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. मनूस अनेक आशीर्वाद. ती. आई आणि ती. आप्पा यांना साष्टांग नमस्कार. सुहास, हे पत्र सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचू नकोस. आधी मनूला एकटीला वाचू दे, मग तुम्ही घ्या.

मनू, तुझं भाषण मिळालं. बाबांनी फोटो पाठवले होते, पण मोबाइलवर तुझं बारीक अक्षर लागेना, म्हणून कागदावर छापून घेतलं आणि काल जेवताना समोर ठेवून वाचलं. छान लिहिलंयस. 'हेरा' हे आमच्या युरोपीय अवकाश संस्थेचं यान ७ ऑक्टोबर २०२४ ला फ्लोरिडातून उडालं, मंगळाजवळून गेलं, आता डिडिमॉस नावाच्या लघुग्रहाकडे निघालंय आणि या वर्षाच्या शेवटी तिथे पोचेल, हे सगळं बरोबर. एकच दुरुस्ती कर. डिडिमॉस आणि त्याच्याभोवती फिरणारा छोटा डायमॉर्फस हे पृथ्वीवर येऊन पडणार होते असं तू लिहिलंयस. तसं नव्हतं. त्यांच्यापासून आपल्याला धोका नव्हता, म्हणून तर यान आपटून लघुग्रहाची चाल बदलते का, या प्रयोगाला ती जोडी घेतली. शिवाय इथून बघताना ते एकमेकांसमोरून जातात, तेव्हा उजेड थोडा कमी होतो, आणि त्यावरून दुर्बिणीतून फेरीची वेळ मोजता येते. प्रयोग फसला असता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

आता शेवटचं वाक्य. "माझी आई जगाला वाचवायला गेली आहे, म्हणून मी कधीच रडत नाही." बाबा म्हणाले, हे बाईंनी सुचवलंय, इथे टाळ्या येतात. येतीलही. बाईंनी चांगल्या मनानेच सुचवलं असणार. तरीही ते वाक्य तू खोडावंस असं मला फार वाटतं.

हे वाक्य काही बाईंनी शोधून काढलेलं नाही. मी निघाले त्या दिवशी सोलापूर स्टेशनवर निरोपाला आलेल्यांपैकी कुणीतरी तुझ्या डोक्यावर हात ठेवून हेच म्हणालं होतं. तू बाहीने डोळे पुसलेस आणि गाडी हलेपर्यंत ओठ घट्ट मिटून उभी राहिलीस. मग दिवाळी आली, तुला ताप आला, गॅदरिंगला सगळ्यांच्या आया आल्या, आणि दर वेळी कुणी ना कुणी तुला तेच ऐकवलं. जगासमोर एका लहान मुलीने काय बोलायचं? तिने गप्पच बसायचं. म्हणून मला ते वाक्य नको आहे. तुला आई हवी असेल तर ती हवी असते. त्यासाठी जगाची परवानगी काढावी लागत नाही.

आणि ते खरंही नाही, निदान लोकांच्या डोळ्यांसमोर येतं तसं नाही. लोकांना वाटतं, एक माणूस यानात बसतो, मागे वळून लेकराकडे बघतो आणि संकटाच्या तोंडावर जाऊन उभा राहतो. या कामात कुणी यानात बसत नाही. तुला आठवतं का, २०२२ ची घटस्थापना झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी तुला उठवलं होतं? तू चौथीत होतीस. रजई गुंडाळून माझ्या मांडीवर बसलीस आणि आपण लॅपटॉपवर 'डार्ट' बघितलं. नासाचं ते यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने डायमॉर्फसकडे चाललं होतं. आधी एक ठिपका दिसला, मग दोन, मग एक ठिपका बाजूला सरकून पडद्याबाहेर गेला आणि दुसऱ्यावरचे धोंडे दिसायला लागले. धोंड्यांच्या मधली खडी दिसली. पावणेपाचच्या सुमाराला शेवटचं चित्र अर्धवटच आलं आणि पुढे काही नाही. तिकडे सगळे उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि तू मला विचारलंस, "ते मेलं का गं?" मी म्हटलं, हो, त्याला धडकायलाच पाठवलं होतं. तू बराच वेळ काही बोलली नाहीस. नंतर म्हणालीस, "बरं झालं आत कोण नव्हतं."

मनू, ही सगळी कामगिरी काय आहे हे तुझ्या त्या वाक्यापेक्षा नीट मी कुठे ऐकलेलं नाही. जवळजवळ पावणेसहाशे किलोचं ते यान आपटलं आणि साधारण दीडशे मीटरचा तो धोंडा आपल्या मोठ्या भावाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारायचा, तो जवळपास अर्धा तास लवकर फिरायला लागला. माणसाने आकाशातल्या एखाद्या वस्तूची चाल मुद्दाम बदलली, असं पहिल्यांदाच घडलं. आणि त्यासाठी कुठल्या पोराला आईबापाविना राहावं लागलं नाही.

'हेरा'चं काम त्यापुढचं. धक्का किती लागला हे दुर्बिणीतून कळलं, पण डायमॉर्फसचं वस्तुमान नेमकं किती, धडकेने त्याला खड्डा पडला की त्याचा सगळा आकारच बदलला, हे जवळ गेल्याशिवाय समजत नाही. ते समजलं नाही तर पुढे खरोखरच एखादा धोंडा आपल्याकडे यायला लागला तेव्हा किती मोठं यान, किती आधी, किती वेगाने मारायचं याचा हिशेब करता येणार नाही. म्हणून हेरा तिथे जाऊन मोजमाप घेणार. सोबत दोन लहान उपग्रह आहेत, मिलानी आणि युवेंतास. ते तिथे गेल्यावर सुटे होतील.

आणि यात तुझी आई काय करते? शेजारच्या काकू विचारतात तेव्हा तू "रॉकेट चालवते" म्हणतेस असं बाबांनी सांगितलं. मी ज्या गटात आहे तो यानाला पाठवायच्या आज्ञा आधी तपासतो. यानाने कधी वळायचं, कॅमेरा कधी चालू करायचा, अँटेना पृथ्वीकडे कधी धरायचा, याच्या लांबलचक याद्या असतात. त्या आधी सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या यानावर, चालवून बघायच्या. मग दोघांनी शेजारी बसून एकेक ओळ वाचायची. एक जण वाचतो, दुसरा पडद्यावर बोट ठेवून "बरोबर" म्हणतो. माझ्या शेजारचा माणूस दर वेळी चष्मा काढून पुसतो आणि मगच पहिली ओळ वाचतो. आधी मला त्याची घाई व्हायची, आता त्याने पुसल्याशिवाय मलाच सुरू करवत नाही. तपासलेली यादी स्पेन, अर्जेंटिना किंवा ऑस्ट्रेलियातल्या ३५ मीटरच्या तबकड्यांवरून यानाकडे जाते. आप्पा, तुम्हाला हे लगेच कळेल. इथेही पाळ्या असतात आणि पुढच्या पाळीच्या माणसाच्या हातात नीट काम दिल्याशिवाय कुणी जागेवरून उठत नाही. मिलमध्ये तुम्ही हेच केलंत.

गेल्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी, १२ मार्चला, हेरा मंगळापासून सुमारे ५,००० किलोमीटरवरून गेलं आणि त्याने डिमॉस या मंगळाच्या चंद्राचे फोटो पाठवले. ते पडद्यावर आले तेव्हा मी इतकी खूश होते की बोलता येईना. मनू, हे मुद्दाम लिहितेय. तुला वाटत असेल की आई तिकडे नुसती कष्ट करते, त्याग करते. तसं नाही. मला इथे फार आनंद होतो. हे काम मला लहानपणापासून हवं होतं, आणि मी आले ती हवं होतं म्हणून आले. त्या कामाने उद्या लोकांचे जीव वाचतील ही गोष्ट खरी आहे, पण ते तुझ्यासमोर ढाल म्हणून धरणं मला पटत नाही.

जीव वाचण्याची गोष्ट मात्र मला हलकी करायची नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्क शहरावर जेमतेम २० मीटरचा दगड हवेत फुटला. तो सूर्याच्या बाजूने आला, त्यामुळे आधी कुणाला दिसलाच नाही. लख्ख उजेड झाला, काय झालं बघायला लोक खिडक्यांशी धावले, आणि थोड्या वेळाने आवाजाची लाट आली तेव्हा काचा फुटून अंगात घुसल्या. दीड हजाराच्या आसपास माणसं जखमी झाली. एका शाळेत चौथीच्या वर्गात एक बाई होत्या. उजेड दिसल्याबरोबर त्यांनी मुलांना बाकाखाली बसवलं. पोरं वाचली, बाईंच्या हाताला काच लागली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा वर्ग डोळ्यांसमोर आला, रस्त्याच्या बाजूच्या त्या मोठ्या खिडक्यांसकट. तुझ्या भाषणात जग वाचवणारं कुणी घालायचंच असेल तर त्या बाईंना घाल. लोणारचं सरोवर आपण बघितलंय. पावणेदोन किलोमीटरहून रुंद असलेला तो खड्डा पडायला आकाशातून एकच दगड पुरला. आपल्या सोलापूरच्या खालीही तोच काळा कातळ आहे.

आणि गेल्या फेब्रुवारीत तू घाबरून फोन केला होतास, ते मी विसरलेले नाही. '२०२४ वायआर४' नावाचा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीला सापडला होता आणि २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर पडण्याची शक्यता दोन-तीन टक्के म्हणून बातम्या चालू होत्या. जिथे पडू शकेल तो पट्टा पॅसिफिकपासून आफ्रिकेवरून अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर मुंबईचं नाव फिरत होतं. तू विचारलंस, "रोज आकडा वाढतोय, म्हणजे तो जवळ येतोय ना?" तेव्हा फोनवर नीट सांगता आलं नाही, आता सांगते.

तू बालवाडीत असताना गड्ड्याच्या जत्रेत हरवली होतीस. आप्पांना विचार. तेव्हा सुरुवातीला आम्हाला एवढंच माहीत होतं की तू होम मैदानात कुठेतरी आहेस. तलावाच्या काठाशी असशील अशी भीती होती, पण मैदान केवढं मोठं, त्यामुळे ती थोडीच होती. मग आम्ही पाळण्यांपाशी बघितलं, तू नाहीस. भज्यांच्या गाड्यांपाशी नाहीस. खेळण्यांच्या दुकानात नाहीस. एकेक जागा कटत गेली तशी तलावाची भीती वाढत गेली. तू मात्र होतीस तिथेच होतीस, बांगड्यांच्या दुकानाशी, कुणा मावशीच्या मांडीवर भेंड-बत्तासे खात. तू सापडल्याक्षणी ती भीती शून्यावर आली. वायआर४ चं तसंच झालं. तो कुठे आहे हे जसजसं नेमकं कळत गेलं, तशी शक्यतांची जागा आकसली, पण पृथ्वी अजून त्या जागेतच होती, म्हणून आकडा चढला. १८ फेब्रुवारीला तो ३.१ टक्क्यांपर्यंत गेला. पुढच्या काही दिवसांत आणखी निरीक्षणं आली, पृथ्वी त्या जागेबाहेर पडली आणि आकडा कोसळला. दगड आपल्या वाटेनेच चालला होता. वाढत होतं ते आपलं शोधणं.

हा शोध जगभरातली माणसं रात्र रात्र जागून घेतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं कुणाला माहीत नसतात.

आता हा भाग मोठ्यांसाठी. मनू, तू वाचलास तरी चालेल.

आप्पा, लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा तुम्ही मला भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर दाखवायला नेलं होतंत. केवढ्या अभिमानाने सांगत होतात! १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे असताना वडील गेल्याचं कळलं, तरी परतले नाहीत. पथकातले बाकीचे पुढे भारतात आले, कोटणीस राहिले. सलग ७२ तास उभं राहून जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया केल्या. तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. सोलापूरच्या प्रत्येक पोराला हे पाठ असतं, आणि असायलाच हवं. त्यांच्याएवढं मोठं माणूस आपल्या गावात दुसरं झालं असेल असं मला वाटत नाही.

पण आप्पा, हल्ली मला त्यांच्या मुलाची आठवण होते. वडील गेले तेव्हा तो साडेतीन महिन्यांचा होता. त्याला बापाचा चेहरा फोटोतूनच कळला. तोही पंचविशीच्या आतबाहेर वारला. दोन देशांनी त्याच्या बापाची टपाल तिकिटं काढली, पुतळे उभारले. त्या पोराला कधी वाटलं असेल का, की यांनी थोडं कमी मोठं व्हावं आणि घरी यावं? वाटलं असेल तर ते म्हणायला त्याला जागा होती का? त्याच्या आईने, इकडच्या आजीने आणि आत्यांनी किती सोसलं, हे आपण भाषणात कुठे सांगतो? कोटणीसांना मी तसूभरही खाली आणत नाही. ते गेले नसते तर किती माणसं मेली असती. मला एवढंच म्हणायचंय की त्यांच्या थोरवीने त्या लेकराचं रिकामपण भरून निघालं असं आपण धरून चालतो, आणि तसं ते निघत नाही.

आई, तुम्हाला भजनी मंडळात बायका विचारतात, "लेकीला टाकून सून परदेशात कशी राहते?" आणि तुम्ही माझी बाजू घेता, "ती साऱ्या जगाचं काम करायलीय" म्हणता. तुम्ही घेता म्हणून मी इथे उभी आहे, हे मी रोज मानते. पण आई, पुढच्या वेळी जगाचं नाव घेऊ नका. "तिला ते काम आवडतं, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय" एवढंच म्हणा. आपल्याच गल्लीतले किती बाप दुबईला, पुण्याला, सैन्यात आहेत, त्यांना कुणी हे विचारत नाही. १९८४ साली अ‍ॅना फिशर अंतराळात गेली. ती अवकाशात गेलेली पहिली आई. तिची मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. तिच्या आधी कितीतरी बाप गेले होते, त्यांच्या पोरांचं वय मला पाठ नाही आणि कुणालाच नसतं. कामाला जाणाऱ्या बाईने दर वेळी साऱ्या मानवजातीचं कारण पुढे करावं, तेव्हाच तिला माफी मिळावी, हे मला मान्य नाही. मनूने हे ऐकत मोठं व्हावं असं तर मुळीच वाटत नाही. उद्या तिला नुसतं आवडतं म्हणून कुठे जायचं असेल, तेव्हा ती कुठलं जग पुढे करणार?

मनू, आता पुन्हा तुझ्याशी. मुख्य गोष्ट अजून सांगायचीच आहे.

गेल्या नोव्हेंबरात जर्मनीतच ब्रेमेनला युरोपातल्या देशांच्या मंत्र्यांची बैठक झाली आणि 'रामसेस' नावाच्या मोहिमेला पैसे मिळाले. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस नावाचा पावणेचारशे मीटरचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. आपले टीव्हीचे उपग्रह फिरतात त्याच्याही आतून. तो पडणार नाही, पुढची शंभर वर्षं तरी नाही, ते पक्कं झालंय. युरोप-आफ्रिकेतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. आपल्याकडे तेव्हा १४ एप्रिलची पहाट असेल, बाबासाहेबांच्या जयंतीची. एवढी मोठी वस्तू इतक्या जवळून जाणं फार दुर्मीळ आहे. पृथ्वीच्या ओढीने ती कशी ताणली जाते, हलते, हे बघायला रामसेस २०२८ मध्ये निघून आधीच तिच्याजवळ जाऊन थांबणार आहे.

त्या कामासाठी मला विचारलंय. हो म्हटलं तर हेरानंतर लगेच तिकडे, म्हणजे २०२९ पर्यंत इथेच. तू तेव्हा दहावी ओलांडलेली असशील. उत्तर फेब्रुवारी संपायच्या आत द्यायचंय.

मला ते काम हवंय. खोटं कशाला बोलू, विचारलं त्या रात्री झोप आली नाही. पण मी नाही गेले तर ते अडेल का? अडणार नाही. माझ्या जागी दुसरं कुणी येईल, शेजारी बसून "बरोबर" म्हणेल. इथे कुणी एकटं जग वाचवत नाही, म्हणून तर हे टिकतं. आणि तुझं काय? तुझ्या आईच्या जागी बसायला दुसरं कुणी येणार नाही. हे दोन्ही मी पाटीवर लिहून समोर ठेवलंय आणि माझ्याच्याने हिशेब सुटत नाही, कारण त्यातला अर्धा हिशेब माझा नाही, तुझा आहे.

म्हणून बाबांशी बोलून मी असं ठरवलंय की या वेळी तुला मत आहे. बाबांना एक, मला एक, तुला एक. आजी-आप्पांचंही ऐकू, कारण घर तेच सांभाळतात. गेल्या वेळी तू लहान होतीस, आम्ही ठरवलं आणि तुला सांगितलं. आता तसं करायचं नाही. तीन वाटा दिसतात. एक, मी नाही म्हणते आणि हेरा पोचून काम मार्गी लागलं की पुढच्या वर्षी घरी येते. दोन, मी हो म्हणते आणि तू इकडे येऊन राहतेस. इथल्या शाळा चांगल्या आहेत, पण जर्मन शिकावी लागेल, मैत्रिणी सुटतील, आजीच्या हातची भाकरी सुटेल, आणि माझी रात्रपाळी असली की तू घरात एकटी असशील. तीन, आता आहे तसंच चालू ठेवायचं, वर्षातून दोनदा भेटायचं. मला तिसरी नको आहे. पण तुला तीच हवी असेल तर तेही लिही.

तुझं मत लिहिताना जगाचा, अपोफिसचा, आईच्या स्वप्नाचा विचार करू नकोस. तो करायला आम्ही मोठे आहोत. तुला काय हवंय तेवढंच लिही. 'नको' असेल तर 'नको' एवढंच पुरे, कारण लिहायची गरज नाही. ते वाचून मला वाईट वाटेल का? वाटेल. पण ते माझं मी बघेन, तू त्याची काळजी करायची नाहीस. रडू आलं तर रड. बाबांसमोर रड, फोनवर माझ्यासमोर रड. मीही रडते, परवा भोगीचं सामान आणायला गेले तेव्हा दुकानातच रडले. इथल्या भारतीय दुकानात बाजरीचं पीठ मिळालं, राळे मिळाले नाहीत. भोगीला तुम्ही राळ्याचा भात खाल तेव्हा तीळ लावलेल्या भाकरीचा फोटो मात्र पाठवू नका, या वर्षी नको.

गड्ड्याच्या जत्रेत अक्षतेला आप्पांबरोबर जाशील तेव्हा बाराबंदीवाल्यांच्या गर्दीत त्यांचा हात सोडू नकोस. नंदीध्वज जवळून बघायचे असतील तर लवकर जाऊन जागा धरा. दारूकामाला कानात कापूस घाल, गेल्या खेपेला रात्रभर कान दुखला होता. हे पत्र पोचेल तोवर हे सगळं झालेलं असेल, हे कळतं मला, म्हणून फोनवरही सांगेन. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

उत्तर टपालाने पाठव. बाबांना वाचायला द्यायचं की नाही, ते तू ठरव. पाकीट तू स्वतः चिकटवून दे, पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

तुझी,
आई

ता. क. सुहास, आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्याआधी उरकू म्हणतोस, पण डॉक्टरांना विचार, मेपर्यंत थांबलं तर चालेल का. माझं २ मेचं तिकीट झालंय. नंतर डोळ्यांत थेंब घालायला दिवसातून चारदा कुणीतरी लागतं, आणि आईंची कंबर आता तेवढी वाकत नाही. ते मी करेन.